नऊ मीटरचा नियम आणि वैनगंगेची पातळी

मी भंडाऱ्याचा. तलावांच्या जिल्ह्यात वाढलो, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या निमित्ताने. मालवण तालुक्यात एका आर्किटेक्टच्या हाताखाली नकाशे काढायचं काम मिळालं होतं. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला होता आणि किनाऱ्यालगत हॉटेल बांधायची घाई ज्याच्या त्याच्या अंगात होती.

तेव्हा १९९१ ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना लागू होती. (२०११ आणि २०१९ मध्ये ती नव्याने निघाली, मी सांगतोय ते जुन्या अधिसूचनेचं.) खेड्यापाड्यांतल्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत हॉटेल बांधता येत नसे. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात परवानगी मिळे, पण तळमजला आणि वर एक मजला एवढीच, आणि उंची ९ मीटरच्या आत. हे मला पाठ होतं. उंची छपराच्या आढ्यापर्यंत मोजायची, हे त्याच वाक्यात लिहिलेलं मी नीट वाचलं नव्हतं. जोतं ०.६ मीटर, ३.३ मीटरचे दोन मजले, म्हणजे स्लॅब ७.२ वर, मी निर्धास्त होतो. त्यावर कौलारू छप्पर २.७ मीटर चढवलं होतं. आढं गेलं ९.९ वर. चूक पकडली ती छपराच्या लाकडाचं माप घ्यायला आलेल्या सुताराने. उतार कमी करून छप्पर बसवावं लागलं आणि कोकणातल्या पावसात ते पहिल्याच वर्षी गळलं. खर्च मालकाच्या बोकांडी बसला.

ही चूक पैशांनी निस्तरली. तिच्यातून मी जो धडा घेतला, तो मात्र साफ चुकीचा होता. उंचीची मर्यादा म्हणजे किनारा डोळ्यांना उघडा राहावा म्हणून, असं मी धरून चाललो. ठेंगणी इमारत ती चांगली इमारत, झालं. त्याच अधिसूचनेत बाकीच्या अटी होत्या: सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम भूखंडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, वाळूच्या टेकड्या सपाट करायच्या नाहीत, भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत जमिनीतलं पाणी उपसायचं नाही, दोन हॉटेलांमध्ये गावकऱ्यांना किनाऱ्यावर जायला किमान २० मीटर वाट मोकळी हवी. या अटी एकमेकींना धरून आहेत. मजले वाढले की खोल्या वाढतात, खोल्यांबरोबर पाण्याचा उपसा आणि शोषखड्डे वाढतात, आणि वाळूत गोडं पाणी थोडंच असतं. उपसा जास्त झाला की शेजारच्या घरातली विहीर मचूळ होते. मी उंची तेवढी उचलली, तिच्यामागचं पाणी पाहिलं नाही.

पुढे भंडाऱ्याला परतलो. एका ओळखीच्या माणसाची वैनगंगेच्या काठी जमीन होती. त्याला दोन मजली लॉज हवा होता. मी हट्टाने त्याला एका मजल्यावर आणला. कोकणातला अनुभव सांगून छोट्या, बैठ्या कॉटेज आखल्या. जोतं जमिनीपासून दोन फूट. आखणीच्या दिवशी शेजारी जाळं वाळवत असलेला एक म्हातारा ढिवर म्हणाला, "इतं पानी येते जी, साहेब." त्याने काठावरची बाभूळ दाखवली. माझ्या खांद्याच्या वर, फांद्यांच्या बेचक्यात जुना काडीकचरा आणि जाळ्याचा एक तुकडा अडकलेला होता. मी पाहिला, हात लावून पाहिला, आणि चुन्याची फक्की टाकायला सांगितलं.

नदीचा नियम मला माहीत नव्हता असं नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. पाटबंधारे खात्याचं त्याबद्दलचं परिपत्रक १९८९ चं आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको. निळी आणि लाल यांच्यामध्ये बांधायचं तर, आता राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीनुसार, लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर. आमच्या गटाच्या नकाशावर रेषा दिसत नव्हती, म्हणून मी ती कुणाला विचारली नाही. समुद्रावर जमिनीपासून वर मोजायची सवय लागली होती; इथे पुराच्या पाण्यापासून वर मोजायचं होतं.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि वैनगंगा भंडारा शहरात शिरली. कॉटेजमध्ये पाणी खिडकीच्या कठड्याला लागलं. गाद्या, फ्रिज, विजेचे बोर्ड, सगळं गेलं. कोरोनामुळे मुक्कामाला कुणी नव्हतं, नाहीतर मी आज हे लिहू शकलो नसतो. सामान हलवायला वरचा मजला नव्हता. तो मीच काढायला लावला होता. गाळ उपसताना मालक माझ्याशी एक शब्द बोलला नाही. त्या कॉटेज पाडल्या. माझ्या मते त्या तिथे व्हायलाच नको होत्या, एक मजली नाही आणि दोन मजलीही नाही.

आता पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयावर जलपर्यटनाचा प्रकल्प हाती घेतला आहे. काठच्या जमिनींची चौकशी वाढली आहे, रिसॉर्टचे नकाशे काढून मागायला लोक माझ्याकडेही येतात. त्यांना मी जे सांगतो तेच इथे सांगतो. सातबारा बघण्याआधी त्या गटातल्या पूररेषेची आणि जलाशयाच्या पातळीची माहिती जलसंपदा विभागाकडून लेखी मागा. लेव्हल लावून ती पातळी जागेवर खुंटी ठोकून दाखवायला लावा. काठावर मासेमारी करणाऱ्यांना विचारा. आणि नकाशा काढणारा "ते नंतर बघू" म्हणाला, तर त्याला काम देऊ नका.