पंधरा कंटेनर, आठ सेवा

एखादा प्रकल्प मायक्रोसर्व्हिस पद्धतीचा आहे का आणि असेल तर त्यात सेवा किती, हे माणसाने न वाचता प्रोग्रामने ओळखावं, या प्रश्नात मी मनापासून गुंतलेलो आहे. कंटेनर मोजून हे उत्तर मिळत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. डॉकर २०१३ साली आलं, पुढच्याच वर्षी जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर यांचा मायक्रोसर्व्हिसवरचा लेख गाजला, आणि दोन्ही गोष्टी बरोबरीनेच सगळीकडे पसरल्या. एक कंटेनर म्हणजे एक सेवा, हे समीकरण तेव्हापासून डोक्यात बसलं. पण वर्डप्रेस आणि त्याचा मायएसक्यूएल डेटाबेस अशा दोन नोंदींची कंपोज फाइल, म्हणजे कोणते कंटेनर एकत्र चालवायचे याची डॉकरची यादी, जागोजागी सापडते. तिथे कंटेनर दोन आहेत, मायक्रोसर्व्हिस मात्र एकही नाही.

वीव्हवर्क्सने तयार केलेला 'सॉक शॉप' हा मोज्यांच्या दुकानाचा नमुना-प्रकल्प घ्या. त्याच्या मूळ कंपोज फाइलमध्ये पंधरा नोंदी आहेत. त्यातून संदेशांची रांग सांभाळणारं रॅबिटएमक्यू वजा करा, चार डेटाबेस वजा करा, दारावरचा राउटर आणि खोटी गिऱ्हाइकं पाठवून भार टाकणारी 'यूजर-सिम' ही नोंदही वजा करा, उरतात आठ. ही वजाबाकी माणूस नावं पाहून सहज करतो. प्रोग्रामला ती कशाच्या आधारावर करायची? पहिला सुचणारा नियम असा की बाहेरून आयती घेतलेली इमेज ती पायाभूत सोय आणि प्रकल्पाच्या स्वतःच्या नावाखालची इमेज ती सेवा. 'कार्ट्स' या सेवेचा डेटाबेस थेट मोंगोची इमेज वापरतो, तिथे हा नियम चालतो. 'कॅटलॉग' सेवेच्या डेटाबेसपाशी मात्र तो फसतो, कारण ती इमेज प्रकल्पाच्याच नावाखाली आहे. ती इमेज कशी बांधायची हे सांगणारी डॉकरफाइल उघडली की उलगडा होतो: पाया मायएसक्यूएलचा आणि वर मोज्यांची माहिती भरलेली. म्हणजे पुरावा इमेजच्या नावात नाही, ती कशावर बांधली आणि आत काय घातलं यात आहे.

म्हणूनच डॉकरफाइल आणि तिच्या शेजारचा कोड हा खरा आधार आहे, असं मी मानतो. त्या कोडमध्ये पॉम फाइल, पॅकेज जेसन किंवा गो-मॉड अशी भाषा सांगणारी फाइल आहे का? शेवटी चालू होणारी आज्ञा कोणती? बहुटप्पी बिल्डमध्ये तर फार जपावं लागतं. उदाहरणार्थ, पहिल्या टप्प्यात गोचा कंपायलर असतो, शेवटच्या टप्प्यात नुसतं अल्पाइन. शेवटचा टप्पा तेवढा वाचला तर भाषेचा पत्ताच लागत नाही. उघडलेल्या पोर्टवर भिस्त ठेवणंही धोक्याचं आहे. सॉक शॉपमधला 'क्यू-मास्टर' रांगेतले संदेश उचलून काम करतो. अशा कामाला पोर्ट उघडावंच लागतं असं नाही, म्हणून पोर्ट हीच सेवेची खूण धरली तर अशा सेवा हातून निसटू शकतात.

यावर पहिला आक्षेप असा की फायली कशाला चाळायच्या, प्रकल्प चालवून पाहा आणि कोण कोणाशी बोलतं ते टिपा. प्रकल्प आपल्याच संस्थेतला असेल तर हे जरूर करावं. पण शेकडो खुले प्रकल्प तपासायचे असतील तर त्यातले कित्येक उभेच राहत नाहीत: जुनी इमेज काढून टाकलेली असते, गुप्त किल्ल्या अर्थातच दिलेल्या नसतात. शिवाय चालू असतानाही डेटाबेस आणि सेवा दोन्ही नेटवर्कवर बोलतच असतात. त्यांच्यातला भेद तिथेही वेगळा ओळखावाच लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मायक्रोसर्व्हिस ही रचनेची गोष्ट आहे. सेवा स्वतंत्रपणे बदलता आणि बसवता येते की नाही, हे फाइलवरून कसं कळणार? पूर्णपणे कळत नाही, हे मी मान्य करतो. काही खुणा मात्र दिसतात. पर्यावरण-चलांमध्ये दोन सेवांना एकाच डेटाबेसचा पत्ता दिलेला असेल, तर त्यांच्या स्वातंत्र्याविषयी शंका घ्यायला तिथेच जागा आहे. जॅंगोच्या प्रकल्पांत तर बऱ्याचदा एकाच फोल्डरमधून बांधलेली एकच इमेज एकदा वेब-सर्व्हर म्हणून आणि एकदा मागे राहून कामं उरकणारा सेलरीचा वर्कर म्हणून चालवतात. आज्ञा वेगळ्या असल्या तरी कोड एकच आहे, म्हणून मी तिथे एकच सेवा धरतो आणि तिच्या दोन प्रक्रिया नोंदवतो. यावर कुणी हरकत घेतली तर ती रास्तच आहे. म्हणूनच प्रोग्रामने नुसता आकडा देऊ नये. प्रत्येक नोंदीपुढे निर्णय, त्याचं कारण आणि ते ज्या फाइलमध्ये सापडलं तिचं नाव लिहावं, आणि पुरावा अपुरा असेल तिथे 'ठरवता येत नाही' असं लिहायला कचरू नये. सॉक शॉपच्या कंपोज फाइलमध्ये इमेज बांधण्याची सूचनाच नाही, सगळ्या इमेज तयार आहेत आणि कोड वेगवेगळ्या रिपॉझिटरींत आहे. नुसती तेवढी फाइल हाती असेल, तर कॅटलॉगच्या डेटाबेसपुढे 'नाव आणि पर्यावरण-चलं यांच्यावरून केलेला तर्क' असा स्पष्ट शेरा हवा, आणि डॉकरफाइल मिळाली की तो शेरा बदलायची सोयही हवी.