केरातली दारू

अठ्ठावीस वर्षं मी एक किस्सा हसत हसत सांगत आलो. पुण्यातल्या एका बंदिस्त रेंजवर आम्ही चौघं पोरं पॉइंट टूटू बंदूक मारायचो. थंडीतल्या एका संध्याकाळी फायरिंग पॉइंटपुढचा केर मी सुपलीत भरला आणि बाहेरच्या शेकोटीत भिरकावला. भपकन जाळ उठला, माझ्या भुवया गेल्या. आई म्हणाली, "या तोंडाला मुलगी कोण देणार?" किस्सा इथे संपायचा आणि लोक हसायचे.

भाजे गावात नानांना तो सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. नाना दारूगोळ्याच्या खात्यातून निवृत्त झालेले, आमच्या लांबच्या नात्यातले. आम्ही उभे होतो माझ्या जुन्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये. 2024 च्या ऑगस्टमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं ब्राँझ मिळवलं आणि आमच्या पोरांनाही रायफल हवीशी झाली, म्हणून तिथे एअर रायफलसाठी दहा मीटरच्या लेन आखल्या होत्या. पुढचा बेत मोठा होता: मोठ्या मुलांसाठी पंचवीस मीटर, पॉइंट टूटू पिस्तूल. भाज्यात चार महिने पाऊस असा की उघड्यावर टार्गेटचा कागद टिकत नाही, म्हणून सगळं छपराखालीच. आणि शेजारच्या बंगलेवाल्यांनी आवाजाची कुरकुर करू नये म्हणून फोमची अकरा भेंडोळी आणून ठेवलेली. परवान्याची कागदपत्रं जमवत होतो.

"तो केर किती दिवसांचा होता?" नानांनी विचारलं.

"आठवड्याचा असेल."

"आणि या फोममध्ये किती वर्षांचा साठेल?"

मी चिडलो. तीस वर्षं बंदूक हातात धरलेल्या माणसाला हे सांगणार? माझ्या लेखी रेंजवरचा धोका म्हणजे गोळी. नळी टार्गेटकडे, बोट ट्रिगरबाहेर, रिकामी बंदूकही भरलेलीच समजायची; एवढं पाळलं की झालं. आगीचं काय, भिंतीवर लाल नळकांडं लावायचं! राजकोटच्या गेम झोनला मे 2024 मध्ये आग लागली ती वेल्डिंगच्या ठिणगीनं, तो त्यांचा हलगर्जीपणा, असंही मी ऐटीत म्हणालो. माझाच वेल्डर टार्गेटच्या चौकटी जोडायला दुसऱ्या दिवशी येणार होता, हे बोलताना लक्षात नव्हतं.

नानांनी वाद घातला नाही, फक्त समजावलं. काडतुसातली सगळी दारू नळीत जळत नाही. पिस्तुलाची नळी आखूड, तिथे तर जास्तच उरते. न जळलेले कण नेमबाजापुढच्या काही मीटरांत पडतात. गुळगुळीत कोब्यावर पडले तर ओल्या फडक्यानं पुसून घेता येतात. (कोरडं झाडायचंच नाही, शिशाची धूळ नाकात जाते. आम्ही वर्षानुवर्षं खराट्यानं झाडलं.) फोमच्या भोकांत, गालिच्यात, भिंतीच्या सांध्यांत शिरले की साचत जातात, आणि घरातल्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरची ठिणगीही त्यांना पुरते. ही दारू म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज. जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या पोटातच असतो, त्यामुळे वाळू टाकून ती गुदमरत नाही. त्यात पॉलियुरेथेनचा फोम पेटला तर धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड. दार एकच, शेडच्या टोकाला.

"14 एप्रिल 1944," नाना म्हणाले, "मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमधल्या फोर्ट स्टिकिन बोटीवर चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं होती आणि कापसाच्या गाठीही. आग विझवायला गेलेले सहासष्ट जवान स्फोटात गेले. कापूस वाईट नसतो रे, त्याचा शेजार वाईट."

त्या रात्री मला माझीच सुपली आठवत राहिली. तो केर मी शेकोटीत टाकला म्हणून बाहेर पेटला. एरवी तो आमच्या पायांखालीच होता, आणि रेंजवर सिगारेट ओढणारे दोघं होते. इतकी वर्षं मी ज्याला भुवयांचा विनोद समजलो, तो विनोद नव्हताच.

वेल्डरला फोन करून चौकटी बाहेरच जोडून आणायला सांगितल्या. पिस्तुलाचा बेत सोडला. पुढेमागे रेंज केलीच तर उघड्या बाजूंची, फोमशिवायची, आणि पावसाळा सोडून चालवीन. बंगलेवाल्यांनी खुशाल कुरकुरावं.

एअर रायफलला दारू लागत नाही, म्हणून मी निर्धास्त झालो आणि पुन्हा चुकणार होतो. तिची हवेची टाकी दोनशे बारला भरावी लागते. एका मुलाच्या मामानं सुचवलं, "काका, वर्कशॉपमधल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरवरून भरून देतो, फुकट." दोन वर्षांपूर्वी मी "हवा ती हवा" म्हणून हो म्हटलं असतं. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचा नुसता हात लागला तरी भडका उडतो. मी पोराच्या हातातून टाकी काढूनच घेतली. मामा जरा रागावला.

फोम अजून पडून आहे. मळवलीकडच्या एका रिसॉर्टवाल्यानं पार्टी हॉलच्या भिंतींसाठी निम्म्या किमतीत मागितला. मी नाही म्हणालो आणि का ते सांगत बसलो. तो ऐकून घेऊन हसला, माझ्या किश्श्याला लोक हसायचे तसाच. पुढच्या आठवड्यात त्यानं पुण्याहून नवा फोम आणला.