चांद्याचा परकोट

वडनेर हे महामार्गावरचे गाव. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरील मालमोटारींची घरघर ऐकतच आम्ही वसतिगृहात झोपायला शिकलो. अशा उघड्या गावात राहणाऱ्यांना भिंतीच्या आत वसलेले शहर ही कल्पनाच अपरिचित. पाठ्यपुस्तकात गोंडराजांच्या वाट्याला फार थोड्या ओळी येतात; तेव्हा त्यांची राजधानी पायांनीच वाचावी, असे इतिहासाच्या सरांनी सुचविले. हिंगणघाटहून रेल्वेने आम्ही चंद्रपूर गाठले.

प्रथम दीक्षाभूमीवर जाऊन वंदना घेतली. नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी येथे धम्मदीक्षा दिली. ही भूमी परकोटाबाहेर, उत्तरेच्या अंगाला आहे. तेथून जटपुरा दरवाजा गाठला आणि परकोट उजव्या हाताला ठेवून चालू लागलो. प्रदक्षिणेची सवय अशीही कामी येते.

खांडक्या बल्लाळशहाने ही राजधानी वसविली, असे परंपरा सांगते. शिकारीला निघालेल्या राजाच्या कुत्र्यावर एक ससा उलटला, कुत्रा पळाला, आणि ससा ज्या वाटेने त्याच्यामागे धावला त्याच वाटेवर परकोटाची रेघ आखली गेली, ही आख्यायिका चांद्यात प्रत्येकाला ठाऊक आहे. परकोटाचा घेर सुमारे अकरा किलोमीटरचा. तो ससा बराच दमदार असला पाहिजे! जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे. शिवाय पाच खिडक्या. खिडकी म्हणजे लहान दरवाजा. त्यांची नावे बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. मसण खिडकीची वाट कोणासाठी होती, हे नावच सांगते. राजाच्या स्वारीसाठी उंच कमान आणि मेलेल्यासाठी वेगळे भोक, हा हिशेब आम्हाला त्या दिवशी सर्वांत अधिक बोचला.

बगड खिडकीपासून अंचलेश्वर दरवाजापर्यंत आम्ही परकोटाच्या माथ्यावरून गेलो. काही वर्षांपूर्वी येथे पाऊल टाकणे शक्य नव्हते. काटेरी झुडपे, कचरा आणि भिंतीत मुळे रोवलेली पिंपळ-वडाची झाडे यांनी वाट बुजलेली होती. मार्च २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी शेकडो दिवस श्रमदान करून ती मोकळी केली. वर उभे राहिले की एका बाजूला झरपट नदी आणि दुसऱ्या बाजूला थेट घरांची परसे दिसतात. कुठे दोरीवर लुगडी वाळताहेत, कुठे कुरडया. एका म्हातारबाईंनी खालूनच विचारले, “कोण्या गावचे रे पोट्टेहो?” “वडनेरचे, आजी.” “मंग पाणी पिऊन जा न.” राजधानीचे एवढेच दर्शन घडले असते तरी आमचे समाधान झाले असते.

अंचलेश्वरापाशी गोंडराजांच्या समाध्या आहेत. राणी हिराईने पती बीरशहासाठी बांधविलेली समाधी त्यांत उठून दिसते. दरवाज्यावर कोरलेले हत्तीवर स्वार झालेल्या सिंहाचे राजचिन्ह पाहून पुढे निघालो. हे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले, मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी परकोटाला खिंडार पाडले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके यांना येथल्याच तुरुंगात फाशी झाली. तुरुंगाजवळच्या पिंपळाखाली आम्ही काही वेळ नुसते उभे राहिलो. कोणी काही बोलले नाही.

पठाणपुऱ्याकडे इरई फुगली की पाणी दरवाज्याकडे चढत येते. शत्रू संपले तरी भिंतीला काम उरले ते असे.

बिनबा दरवाजावरून पुन्हा जटपुऱ्याला आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. एका कमानीत रिक्षा, दुचाक्या, सायकली आणि माणसे यांची कोंडी झालेली. येथे शेजारून भिंत फोडून रस्ता काढावा का, यावरून आमच्यात वाद पेटला. आमच्यापैकी एकाने घड्याळ लावून पाहिले. कमानीतून पलीकडे जायला एका रिक्षेला चार मिनिटे लागली. “रुग्ण असता तर?” त्याने विचारले. उत्तर कोणापाशी नव्हते. भिंतीची बाजू घेणारा मात्र अनपेक्षित निघाला. रस्तारुंदीकरणात ज्याच्या घराचा ओटा गेला, तोच म्हणाला, “रस्त्याचं पोट एका ओट्यानं भरत नाही. उद्या दुसरी भिंत मागेल.” सरांनी कोणाच्याही बाजूने कौल दिला नाही. संरक्षित वास्तूला हात लावायला कायद्याची आडकाठी आहे, एवढेच सांगितले. त्यावर पहिला म्हणाला की कायदा माणसांनीच केला. दुसरा म्हणाला, परकोटही.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या भित्तिपत्रकावर दोघांनी आपापला नकाशा लावला. एकात परकोटाला नवे दार आहे. दुसऱ्यात वाहने बाहेरच थांबवून आत पायी फिरायचे शहर आहे. ज्याला त्रुटी दिसेल त्याने पेन्सिलीने लिहावी, अशी सूचना खाली आहे. तूर्त दोन्ही नकाशांवर पेन्सिल सारखीच चालली आहे.