ढील

लहानपणी पतंग उडवताना वारा बोटाला कळायचा. मांजा ताणला की तर्जनीचं पेर कातरल्यासारखं व्हायचं आणि वर काय चाललंय ते मान वर न करताही समजायचं. आता पन्नाशीत, भाच्याच्या हट्टाने ड्रोन हातात घेतला, तर त्याला दोराच नाही.

वजन 249 ग्रॅम. अडीचशेच्या आतला तो ‘नॅनो’; 2021च्या ड्रोन नियमांत त्याच्यासाठी चालकाच्या परवान्याची सक्ती नाही. पण कुठे उडवता येतं ते सांगणारा नकाशा बघण्यातून कोणाची सुटका नाही. माझं घर लोहगाव विमानतळाला लागून, तेव्हा तिथला नकाशा लालभडक. हिरव्या पट्ट्यातसुद्धा मर्यादा 400 फुटांची. म्हणून गावाकडचा माळ गाठला. ज्वारी निघालेली, नुसती धसकटं, माणूस नाही.

“आधी त्याला उपग्रह सापडू देत, मामा. नाहीतर परत कुठे यायचं ते त्याला कळणार नाही.”

थांबलो. मग डावी दांडी हळूच वर सारली. धुरळा उडाला आणि दीड पुरुष उंचीवर तो गांधीलमाशीसारखा गुणगुणत उभा राहिला. पहिला आठवडा एवढंच: उठव, थांबव, उतरव.

शेपूट माझ्याकडे असेतो सगळं सोपं. तोंड फिरवून माझ्याकडे बघायला लागला, की त्याचं उजवं ते माझं डावं. रोज आरशात बघून दाढी करणाऱ्याला हे जमायला हवं होतं. बाभळीपासून वाचवायला दांडी उजवीकडे दाबली, तो सरळ बाभळीतच. काटे मात्र मला लागले, काढताना. एक पातं चिरलं होतं. असं पातं चिकटवून भागत नाही, बदलावंच लागतं.

“गोंधळलास की बोटं काढ,” भाचा म्हणाला. दांड्या सोडल्या की ड्रोन असेल तिथे थांबतो. पतंगाचा दोर सोडला की तो गेलाच! चाळीस वर्षं घट्ट धरायला शिकलेल्या बोटांना हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं.

वाराही नव्याने शिकलो. एकदा ड्रोन वाऱ्याबरोबर मजेत लांब गेला आणि येताना वारा तोंडावर. बॅटरीचे आकडे भराभर उतरले. आता जाताना वाऱ्याविरुद्ध न्यायचा, नजरेआड करायचा नाही आणि तीस टक्क्यांना घरी.

काल घार घिरट्या घालू लागली. आभाळ तिचं, मी मुकाट उतरवून घेतला. पाती थांबल्यावरही घार बराच वेळ माळावर फिरत राहिली. आणि माझी तर्जनी, उगाचच, अंगठ्यावर घासत होती.