सरड्याचा डबा

सरडा काय खातो? "किडे!" असंच म्हणाल ना? मीही वर्गात तेच सांगितलं होतं.

पारोळ्याजवळच्या आमच्या शाळेत चौथीतल्या एका मुलाने कुंपणावरचा सरडा बुटाच्या खोक्यात घालून आणला. सोडून दे म्हणायचं, तर मीच हौसेने म्हटलं, "दोन दिवस ठेवू!" पोरं शेजारच्या कपाशीतून नाकतोडे घेऊन आली. सरड्याने एकामागून एक चार गिळले. आम्ही टाळ्या वाजवल्या. सकाळी तो उताणा पडला होता. कपाशीवर फवारणी झाली होती का, हे मी विचारलंच नव्हतं.

मग पुस्तकं धुंडाळली. ऑस्ट्रेलियातला 'बिअर्डेड ड्रॅगन', म्हणजे दाढीवाला सरडा, लोक घरी पाळतात. त्याला रानातले नाही, मुद्दाम वाढवलेले रातकिडे देतात. त्या किड्यांना आधी पालेभाजी चारतात. किड्याच्या पोटातलं शेवटी सरड्याच्याच पोटात जातं. किड्यांत कॅल्शियम कमी, म्हणून वरून त्याची पूड भुरभुरतात, नाहीतर सरड्याची हाडं मऊ पडतात. आणि काजवा? अमेरिकेत काजवे खाऊन असे सरडे मेलेत!

तो मुलगा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. परवा हळूच म्हणाला, "सर, मंग त्या नाकतोड्यांनी काय खाल्लं व्हतं?"