पदराच्या गाठीतली साखर



ही आमच्या घरात घडलेली गोष्ट आहे. सांगताना थोडी लाज वाटते, कारण चूक आमचीच होती. पण आपल्या वस्त्यांमध्ये आज घरोघरी कुणाला ना कुणाला साखरेचा आजार आहे. आमच्यासारखी चूक दुसऱ्या कुणाकडून होऊ नये, म्हणून लिहीत आहोत.

आम्ही तिघं भावंडं नागपुरात राहतो. एक ऑटो चालवतो, एक हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला आहे आणि बहीण इंदोऱ्यात शिलाईकाम करते. आमची माय मात्र भिवापूर तालुक्यातल्या गावी एकटीच राहते. मिरचीच्या दिवसांत ती सातऱ्यावर देठ खुडायला जाते. जितके किलो खुडले तितके पैसे. त्यामुळे हातातलं काम संपल्याशिवाय डबा उघडायचा नाही, ही तिची जुनी सवय.

तीस वर्षांवरच्या सर्वांची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. त्यात गावच्या आशाताईंनी मायच्या बोटाला सुई टोचली. साखर जास्त निघाली. मग गावच्या उपकेंद्रात, म्हणजे ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, तिला नेलं. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंनी ई-संजीवनीवरून डॉक्टरांना जोडून दिलं. ही सेवा २०१९ साली आरोग्य केंद्रांतून सुरू झाली आणि २०२० च्या टाळेबंदीत लोकांना घरूनही वापरता येऊ लागली. तिला पैसे पडत नाहीत. डॉक्टर दूरच्या केंद्रात बसतात, पडद्यावर रुग्णाला पाहतात, विचारपूस करतात आणि औषध लिहून देतात. मायची मजुरी बुडाली नाही, बसभाडं वाचलं. आम्हाला फार आनंद झाला.

पण ते बोलणं काही मिनिटांचंच. मागे माणसांची रांग, मध्येच नेटवर्क गेलेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की साखर आणि भात कमी करा, जेवण वेळेवर घ्या, गोळ्या चुकवू नका. मायच्या कानात राहिलं ते एवढंच : साखर बंद, भात बंद, गोळी चालू.

आणि राहिलेली कसर आम्ही भरून काढली. रोज पाळीपाळीने तिला फोन करायचो. "माय, चहात साखर टाकली का? भात खाल्ला का?" आम्ही फोनवरचे हवालदारच झालो होतो. माय घाबरली. तिने साखरेचा डबा शेजारणीला देऊन टाकला. भात सोडला, पण त्याच्या जागी भाकर काही वाढवली नाही. सकाळी कोरा चहा आणि गोळी घेऊन कामावर जाऊ लागली. तू जेवलीस का, हे मात्र आम्हा तिघांपैकी एकानेही विचारलं नाही.

एके दिवशी दुपारी सातऱ्यावर तिला दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, बोलणं असंबद्ध झालं. कुणी म्हणालं ऊन लागलं. कुणी म्हणालं लिंबू उतरवा. एका बाईने मात्र शहाणपण केलं आणि धावत जाऊन आशाताईंना आणलं. मशीनवर साखर ५२ निघाली. मायला तेव्हा गिळता येत होतं. आशाताईंनी पाण्यात तीन-चार चमचे साखर घालून पाजली. पंधरा मिनिटांत माय उठून बसली. मग तिला जेवू घातलं.

आम्ही संध्याकाळी पोहोचलो. माय आमच्याकडे बघून म्हणाली, "तुमीच तं म्हनलं का साखर जहर हाय. मंग त्याच जहरानं मले कसं वाचोलं?"

आम्हा तिघांजवळ उत्तर नव्हतं.

उत्तर दिलं ते आरोग्य अधिकारी ताईंनी. त्या म्हणाल्या, "रक्तात साखर लागतेच, तिच्यावरच शरीर चालतं. मधुमेहात ती वाढते, म्हणून आपण गोळीने खाली आणतो. पण काही गोळ्या पोटात अन्न नसलं तरी साखर ओढतच राहतात. ती ७० च्या खाली गेली की धोका सुरू होतो." गोळी घ्यायची तर जेवायलाच पाहिजे, हे एक वाक्य आम्हाला आधी कळलं असतं, तर मायवर हा प्रसंग आला नसता.

तेव्हा आमच्या लक्षात आलं की फोनवरून औषध गावात पोहोचलं होतं, समज पोहोचली नव्हती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आहे. हा आता काही केवळ श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. संविधानाचं काम चालू असताना ते या दुखण्याशी झुंजत होते. १९४८ मध्ये माईसाहेबांशी त्यांचं लग्न झालं. त्या स्वतः डॉक्टर होत्या, तरीही पथ्यपाणी घरात रोजच्या रोज सांभाळावं लागलं. मग आमच्या मायच्या घरात कुणी शिकवायचं?

आम्ही ताईंना विनंती केली. गावच्या बुद्ध विहारात रविवारी संध्याकाळी बायामाणसं जमतातच. खुर्चीवर एक मोठा फोन उभा करायचा आणि ताईंनी तालुक्याच्या गावाहून व्हिडिओवर अर्धा तास बोलायचं, असं ठरलं. आम्हीही नागपूरहून जोडले जातो. नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट. शिकवून झालं की ताई म्हणतात, "आता तुम्ही मला सांगा." ज्याला सांगता आलं नाही, त्याला पुन्हा समजावायचं. हसायचं नाही.

पहिला रविवार कमी झालेल्या साखरेचा. घाम, थरथर, भूक, अंधारी आली की लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, मग जेवायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर निजवून १०८ ला फोन करायचा.

दुसरा रविवार ताटाचा. आपल्याकडे रेशनचा तांदूळ मिळतो, तो फेकून देता येत नाही. म्हणून अर्धं ताट भाजीचं, पाव ताट डाळ-उसळीचं आणि उरलेल्या पाव ताटात भात नाहीतर भाकर.

तिसरा रविवार पायांचा. मधुमेहात पाय बधिर होतात, काटा रुतला तरी कळत नाही. शेतात अनवाणी जायचं नाही. रोज रात्री तळवे बघायचे, स्वतःला दिसत नसतील तर नातवाला बघायला सांगायचं. गरम पाण्याने शेकायचं नाही.

चौथा रविवार इन्सुलिन घेणाऱ्यांचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि सगळ्यांच्या घरी फ्रीज नसतो. त्यावर उपाय मातीच्या मडक्याचा. मोठ्या मडक्यात ओली रेती, त्यात छोटं मडकं, आणि त्यात बंद डबीत बाटली. रेती ओली ठेवायची आणि मडकं सावलीत.

फोनने सगळं होतं असं मात्र नाही. पायाची बधिरता पडद्यावरून हाताला लागत नाही, डोळ्याचा पडदा तपासता येत नाही. म्हणून वर्षातून एकदा तरी डोळे आणि पाय समोरासमोर तपासून घ्यायचे, हेही त्याच खुर्चीवरच्या फोनने शिकवलं.

परवा गावी गेलो तेव्हा माय सातऱ्याला निघाली होती. पदराच्या टोकाला गाठ मारलेली दिसली. विचारलं तर तिने गाठ सोडून दाखवली. आत कागदात बांधलेली चार चमचे साखर होती. "हे माहं औषध हाय," ती म्हणाली, "पन रोज खायाचं नाही." मग बारा वाजता डबा उघडायचा म्हणून शेजारच्या बाईलाही तिने आठवण करून दिली.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळांचे आईवडील गावी आहेत आणि आपण शहरात. आज रात्री फोन कराल तेव्हा साखर किती आली, हे जरूर विचारा. पण त्याआधी एक विचारा : "माय, जेवलीस का?"

जयभीम!