तहानेसाठी राखलेले पाणी

कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यांत आखाताची खबर सुटकेसमधून येत असे. अत्तराच्या कुप्या, टेपरेकॉर्डर, मखमली जानमाज, खजुरांचे डबे आणि वाघाचे चित्र असलेली जाड ब्लँकेट्स. वडील, चाचा, मामू दोन-दोन वर्षांनी येत, सुटकेस उघडत आणि साऱ्या घराला वास सुटे. त्या वासातून आम्ही मस्कत ओळखत होतो, दुबई ओळखत होतो. वाळवंट मात्र त्या सुटकेसमधून कधी आले नाही. विचारले तर मंडळी म्हणत, "वाळू आहे रे, दुसरे काय असणार?" आणि विषय बदलत.

पुढे पोटापाण्यासाठी आम्हीही तिकडे गेलो तेव्हा कळले की त्यांनी खरोखरच काही पाहिले नव्हते. १९७० साली सुलतान काबूस गादीवर आले, तेव्हा साऱ्या ओमानात जेमतेम दहा किलोमीटर डांबरी रस्ता होता असे सांगतात. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तिथे रस्त्यांचे जाळे विणले गेले. ते विणणाऱ्या हातांत आपल्याकडचे हात पुष्कळ होते. आमचे भाईजान त्यांतले एक. १९७८ ते २००६ अशी अठ्ठावीस वर्षे त्यांनी रोड रोलर चालवला. सकाळी कॅम्पमधून साइटवर आणि संध्याकाळी साइटवरून कॅम्पमध्ये. डांबर संपते तिथून पुढे काय आहे ते बघायला ना सवड होती, ना गाडी.

२०१६ च्या जानेवारीत भाईजान मुलाकडे मस्कतला पाहुणे म्हणून आले. वय सहासष्ट, साखरेचा जुना आजार, रोजचे इन्सुलिन. एका रात्री जेवताना म्हणाले, "आता एकदा वाळवंट दाखवा. रस्ता नसलेले." एवढेच निमित्त पुरले. शुक्रवार-शनिवारची सुट्टी होती. दोन गाड्या ठरल्या. एका गाडीत भाईजानांचा मुलगा आणि त्याचे कुटुंब. दुसरीत भाईजान, एक इंजिनिअर मित्र, एक शाळामास्तर मित्र, असे मिळून आम्ही चौघे.

मस्कतहून बिदिया साधारण सव्वादोनशे किलोमीटर. तिथून दक्षिणेला सुरू होते ती शर्किया वाळू. जुने लोक तिला वहिबाची वाळू म्हणतात. उत्तर-दक्षिण सुमारे १८० किलोमीटर, रुंदी सुमारे ८० किलोमीटर. वाळूच्या लांबच लांब रांगा उत्तर-दक्षिण पसरलेल्या आणि दोन रांगांच्या मधल्या सखल पट्ट्यातून गाड्यांच्या चाकोऱ्या. टायरमधली हवा निम्म्यावर आणायची, म्हणजे चाक पसरते आणि वाळूत रुतत नाही. एवढे केले आणि निघालो.

भाईजान लहान मुलासारखे खिडकीला चिकटून बसले होते. एका झाडापाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. बारीक पानांचे, काटेरी, खाली झुकलेले झाड. अरबीत त्याला गाफ म्हणतात. मास्तर म्हणाले, "भाईजान, ही आपली शमी. दसऱ्याला हिंदू बांधव पुजतात ती. राजस्थानात हिलाच खेजडी म्हणतात." भाईजानांनी खोडावर हात ठेवला. "म्हणजे हीसुद्धा आपल्यासारखीच," म्हणाले. आम्ही हसलो. या झाडाची मुळे तीस मीटरपेक्षाही खोल पाण्याच्या शोधात जातात, हे ठाऊक असते तर हसलो नसतो कदाचित.

दुपारी दुसऱ्या गाडीतल्या लहानग्याला ताप भरला. ती गाडी बिदियाच्या मुक्कामाकडे वळली. आम्ही तासाभरात मागून येणार होतो. परतीच्या वाटेवर वाळूखाली दडलेले गाफाचेच एक जुने खोड गाडीच्या पोटाला लागले. आवाज लहान झाला. पण थोड्याच वेळात इंजिनाचा काटा वर चढला आणि बॉनेट उघडले तेव्हा रेडिएटरच्या खालच्या बाजूने पाणी ठिबकत होते. मोबाइलला रेंज नव्हती. भाईजानांची इन्सुलिनची पिशवी पुढे गेलेल्या गाडीत होती.

आमच्यापाशी दीड लिटरच्या नऊ बाटल्या पाणी उरले होते. इंजिनिअर म्हणाला, "रेडिएटरला आठ-दहा लिटर लागतील. गळत गळत का होईना, पंधरा-वीस किलोमीटर काढू. रेंज मिळाली की सुटलो." मास्तर म्हणाले, "आणि नाही मिळाली तर?" बोलण्याचा आवाज वाढत गेला. दोघेही भाईजानांच्या काळजीनेच बोलत होते. एकाला त्यांना लवकर पोहोचवायचे होते, दुसऱ्याला त्यांच्यासाठी पाणी राखायचे होते. इन्सुलिन चुकले की साखर चढते आणि साखर चढली की तहान वाढते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते.

सूर्य वाळूच्या रांगेआड गेला. मगरिबची वेळ झाली. मास्तरांनी सवयीने बाटली उचलली. भाईजानांनी त्यांचा हात धरला. खाली वाकून दोन्ही तळवे वाळूवर टेकवले, फुंकून झटकले, चेहऱ्यावरून फिरवले, मग हातांवरून. तयम्मुम. मदरशात लहानपणी शिकलो होतो. कोकणात, जिथे चार महिने आभाळ फाटलेले असते, तिथे तो धडा फक्त पाठ करण्यापुरता होता. पाणी नसेल तर माती. आणि पाणी असले, पण ते माणसाच्या किंवा जनावराच्या तहानेला लागणार असेल, तरीही माती. शरियतची ही सवलत किती मोठ्या समजुतीची आहे, ते त्या संध्याकाळी उमगले.

नमाज झाल्यावर भाईजान एवढेच म्हणाले, "ज्या पाण्याने वजू केली नाही, ते लोखंडाला कसे पाजायचे?"

वाद तिथेच मिटला. गाडी सोडून कोणी चालत जायचे नाही, हेही ठरले. रात्री थंडी पडली, पहाटे दव पडले. भाईजान पाणी मागत नव्हते. आम्ही दिले की घोटभर घेत आणि बाटली परत करत. दर थोड्या वेळाने ते उठून आडोशाला जात होते. साखर चढल्याची ती खूण आम्हाला कळत होती आणि ती आम्हाला कळते आहे, हे त्यांनाही कळत होते. शेवटी मास्तर रागावून म्हणाले, "भाईजान, हे पाणी तहानेसाठीच राखले आहे ना? मग तहान लपवू नका." तेव्हा कुठे त्यांनी एक बाटली पुरी प्यायली.

फजरनंतर वाळूच्या कडेवर एक माणूस दिसला. डोक्याला फडके, हातात काठी. चुकलेली सांडणी शोधत आला होता. आमच्या चाकांच्या खुणा पाहून तो खाली उतरला. मोडकी हिंदी, मोडकी अरबी. बांगलादेशचा, मेघनेच्या मुखाकडचा. एका बदू मालकाचे उंट राखत होता, एकटाच. मालक आठवड्याला टँकर पाठवी. उंटांसाठी विहिरीचे मचूळ पाणी आणि त्याच्यासाठी दोन कॅन गोडे.

त्याने बॉनेटखाली पाहिले आणि विचारले, "साबुन है?" साबण निघाला. तो ओला करून त्याने चिरेवर दाबून भरला. तेवढ्यात भाईजानांना जुनी आठवण आली. साइटवरचे आपले ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकत. आमच्या स्वयंपाकाच्या डब्यात हळद होती. आता हवे होते पाणी. तो म्हणाला, "ऊंट का पानी गाडी पिएगा. तुम्हारा पानी तुम पियो." आमच्यातले दोघे त्याच्याबरोबर अर्धा तास चालत त्याच्या पत्र्याच्या खोपटाशी गेले आणि मचूळ पाण्याचे दोन कॅन खांद्यावरून घेऊन आले. त्याने आपल्या गोड्या पाण्यातला अर्धा कॅनही आणला होता. तो भाईजानांसमोर ठेवला.

पैसे त्याने घेतले नाहीत. बिस्किटाच्या वेष्टनावर एक नंबर लिहून दिला. घरी सांगा, मी बरा आहे. नदीने त्याचे घर दोनदा नेले होते, तिसरे बांधण्यासाठी तो इथे आला होता. पाण्याने उठवलेला माणूस वाळूत येऊन पाणी मोजत बसला होता.

रेडिएटरचे झाकण सैल ठेवून, दर दोन-तीन किलोमीटरला थांबत आम्ही निघालो. वाटेत मुलाची गाडी शोधत येताना भेटली. इन्सुलिन मिळाले. भाईजान दोन दिवसांत सावरले. बिदियाला रेंज येताच आम्ही तो नंबर लावला. एका मुलीचा आवाज आला. आम्ही हिंदीत सांगितले, तुझे अब्बा बरे आहेत. तिला किती कळले कोण जाणे. तिने एकच विचारले, "पानी आछे?"

आम्ही म्हटले, "आछे." आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. त्याच्या आठवड्याच्या पाण्यातले अर्धा कॅन आमच्या गाडीत होते.

पुढच्या शुक्रवारी शंभर लिटर गोडे पाणी घेऊन आम्ही दोन गाड्यांनी पुन्हा गेलो. भाईजान हट्टाने आले. खोपट तिथे नव्हते. चाऱ्याच्या शोधात उंट दक्षिणेला हलवले, असे टँकरवाल्याने सांगितले. तोच त्या बाजूला निघाला होता. पाण्याचे कॅन त्याच्या हवाली केले. त्याने ते पोहोचवले असतील, असा आमचा विश्वास आहे. वाळवंटात पाण्याची अमानत सहसा कोणी बुडवत नाही.

१९८६ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे शास्त्रज्ञ या वाळूत राहून गेले. रिकाम्या दिसणाऱ्या या वाळूत त्यांना दीडशेच्या आसपास जातींच्या वनस्पती सापडल्या. आम्ही तिथे सहलीला गेलो होतो, रिकामी जागा बघायला. ती रिकामी नव्हती. टँकरच्या वाराकडे डोळे लावून तिथे कुणीतरी एकटे बसलेले होते, जसे कधीकाळी भाईजान कॅम्पच्या खाटेवर घरच्या पत्राची वाट बघत बसत. आता मोहल्ल्यातली पोरे आम्हाला विचारतात, वाळवंटात काय असते? आम्ही त्यांना वाळू आहे म्हणून सांगत नाही. माणूस आहे, असे सांगतो.